नोबेलच्या यादीपलीकडचे पुणे

आल्फ्रेड नोबेल यांनी २७ नोव्हेंबर १८९५ रोजी केलेल्या मृत्युपत्रात पाच पारितोषिकांची तरतूद होती: पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यक, साहित्य आणि शांतता. १९०१पासून ती दिली जाऊ लागली. अर्थशास्त्राची भर पडली ती स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८ साली निधी दिल्यावर. गणित, खगोलशास्त्र आणि पर्यावरण यांना मृत्युपत्रात स्वतंत्र जागा नव्हती. पुढे नियमांनी ही चौकट आणखी आवळली. एक पारितोषिक जास्तीत जास्त तिघांत वाटता येते, आणि १९७४पासून मृत व्यक्तीची निवड करता येत नाही. पुण्यात गेल्या पन्नासेक वर्षांत जे जागतिक तोलाचे काम झाले, ते बरेचसे याच चौकटीबाहेरचे आहे. त्याची दखल कुठे घेतली गेली हे पाहायचे, तर हर्शेल पदक, कलिंग, टायलर, मॅगसेसे या नावांकडे वळावे लागते.

खगोल-निरीक्षणाच्या कामाला पदार्थविज्ञानाचे नोबेल पहिल्यांदा मिळाले ते १९७४ साली, केंब्रिजच्या मार्टिन राइल आणि अँटनी ह्यूइश यांना. राइल यांची पद्धत अशी: एकमेकांपासून दूर ठेवलेल्या अनेक अँटेनांनी टिपलेले रेडिओ संकेत गणिताने एकत्र आणायचे आणि एकाच अवाढव्य दुर्बिणीइतका बारकावा मिळवायचा. या पद्धतीवर चालणारी जगातली एक मोठी दुर्बीण पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला उभी आहे. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांतल्या १४ मधोमध दाटीने उभ्या आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत. इतक्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वाऱ्याचा दाब पेलायला प्रचंड सांगाडा लागला असता. म्हणून या दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणून बसवली. वारा जाळीतून निघून जातो, लांब तरंगलांबीच्या रेडिओ लहरी मात्र परावर्तित होतात. वजन घटले आणि खर्चही आवाक्यात आला. स्वरूप यांना २००५ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे हर्शेल पदक आणि २००७ साली रेडिओ खगोलशास्त्रातले ग्रोट रेबर पदक मिळाले. नोबेल नसले तरी या क्षेत्रातल्या माणसांच्या लेखी ही पदके फार मोलाची आहेत.

जयंत नारळीकर यांचे नाव पुण्याशी जोडले गेले ते १९८८ साली तिथे ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाल्यापासून. त्याआधी केंब्रिजमध्ये स्मिथ पारितोषिक आणि १९६७ साली ॲडम्स पारितोषिक त्यांनी मिळवले होते. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांची कथा नोबेलच्या मर्यादा दाखवणारी आहे. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी घडतात, हे सांगणारा १९५७चा प्रसिद्ध शोधनिबंध चौघांचा होता: मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉइल. १९८३चे नोबेल फाउलर आणि सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना मिळाले. हॉइल वगळले गेले. १९९७ साली त्यांना क्राफोर्ड पारितोषिक मिळाले. नोबेलमध्ये न बसणाऱ्या विषयांसाठीच स्वीडिश विज्ञान अकादमीने हे पारितोषिक ठेवले आहे. नारळीकरांना १९९६ साली युनेस्कोचे कलिंग पारितोषिक मिळाले, ते विज्ञान लोकांपर्यंत नेल्याबद्दल. बिजू पटनाईक यांच्या देणगीतून सुरू झालेले हे पारितोषिक १९५२ साली पहिल्यांदा लुई द ब्रॉय्ली या नोबेल-विजेत्या शास्त्रज्ञाला दिले गेले होते. मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्या, शाळकरी मुलांच्या प्रश्नांना पोस्टकार्डाने उत्तरे देणाऱ्या माणसाला हा मान मिळणे अगदी यथायोग्य होते.

पुण्याचा नोबेलशी सर्वांत जवळचा संबंध आला तो गुरुत्वीय लहरींच्या शोधात. दूरवरची दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत एकत्र येतात, तेव्हा अवकाश-काळात लहरी उठतात. पृथ्वीवर पोहोचेपर्यंत त्या इतक्या क्षीण होतात, की चार किलोमीटर लांबीच्या नळीच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान असतो. जमिनीची थरथर, आरशांची कंपने आणि उपकरणांचा गोंगाट यांत तो बुडून जातो. तो शोधण्याचा मार्ग म्हणजे अपेक्षित लहरीचा नमुना आधी गणिताने काढायचा आणि मग तो नोंदींवर क्षणाक्षणाने सरकवत जुळणी पाहायची. पण कृष्णविवरांची वस्तुमाने ठाऊक नसतात. त्यामुळे नमुने किती घ्यायचे आणि ते किती अंतराने निवडायचे, म्हणजे खरी लहरही निसटणार नाही आणि संगणकालाही झेपेल, हा कळीचा प्रश्न होता. आयुकातले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली याच प्रश्नावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. लहरी कधी सापडतील की नाही याचीच त्या वेळी अनेकांना शंका होती. तरीही धुरंधरांचा गट काम करत राहिला.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो प्रकल्पाच्या दोन्ही वेधशाळांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरची अशी एक टक्कर टिपली. पहिली चाहूल लागली ती नमुने न वापरणाऱ्या शोधप्रणालीला. पण ती लहर खरीच आहे, हे ठामपणे सांगण्यात सुमारे अडीच लाख नमुन्यांच्या जुळणीचा मोठा वाटा होता. घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ला झाली. शोधनिबंधावर हजाराहून अधिक नावे होती, आयुकातल्या शास्त्रज्ञांचीही. त्याच वर्षीच्या विशेष ब्रेकथ्रू पारितोषिकाचे ३० लाख डॉलर असे वाटले गेले: १० लाख लायगोच्या तिघा संस्थापकांना आणि २० लाख १,०१२ सहभागींना, म्हणजे प्रत्येकी सुमारे दोन हजार. रक्कम किरकोळ, पण वाटणी न्याय्य होती. २०१७चे नोबेल मात्र रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न या तिघांचे. संस्थापकांपैकी रोनाल्ड ड्रेव्हर मार्च २०१७मध्ये वारले आणि ऑक्टोबरच्या घोषणेत त्यांचे नाव येऊ शकले नाही. हजार जणांच्या विज्ञानाला तिघांचा नियम पुरत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कशाने होणार?

पर्यावरणाच्या क्षेत्रात पुण्याचे नाव माधव गाडगीळ यांनी नेले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे हे चिरंजीव १९४२ साली पुण्यात जन्मले, हार्वर्डला शिकले आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी परिसरविज्ञानाचे केंद्र उभारले. २००३ साली त्यांना व्होल्वो पर्यावरण पारितोषिक मिळाले, पश्चिम घाटाच्या अहवालानंतर २०१५ साली जेन लुब्चेंको यांच्यासह टायलर पारितोषिक, आणि २०२४ साली संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ सन्मान. २०११चा तो अहवाल संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर करतो आणि निर्णयात ग्रामसभांना वाटा मागतो. राज्यांनी तो नाकारला. जगाने त्याच्या कर्त्याला गौरवले. या विसंगतीची किंमत घाटातली गावे दरडींच्या रूपाने मोजत आहेत.

शांततेच्या नोबेलच्या इतिहासात पुण्याची जागा वेगळी आहे. गांधीजींचे नामांकन पाच वेळा झाले: १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८. त्यांतल्या १९३९ आणि १९४७च्या मधल्या काळात, ऑगस्ट १९४२ ते मे १९४४, ते पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान होते. त्यांचे सचिव महादेवभाई आणि पत्नी कस्तुरबा यांचा मृत्यू तिथेच झाला. हत्येच्या वर्षी समितीने योग्य जिवंत उमेदवार नसल्याचे सांगून पारितोषिक कोणालाच दिले नाही.

सेवाकार्याची दखल मॅगसेसेने घेतली. गांधीजींनी १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम काढला, तेव्हा मणिभाई देसाई तिथे राहिले ते कायमचेच. १९६७ साली त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. संकरित गाईंसाठी कृत्रिम रेतनाची सोय शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेणे हे तिचे मुख्य काम. १९८२चा मॅगसेसे त्यांना मिळाला. बानू कोयाजी यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचा कारभार सांभाळतानाच शिरूर तालुक्यातल्या वढू भागात गावच्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांना मॅगसेसे १९९३ साली मिळाला.

साहित्यात मराठीचे खाते रिते आहे. १९७७ साली अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले. विषय पुणे जिल्ह्यातला, पण पुस्तक इंग्रजी. त्याच वर्षी त्यांच्या मराठी कवितांचा संग्रहही निघाला होता. त्याच्यापर्यंत परदेशातले परीक्षक पोहोचण्याचा मार्गच नव्हता. तो मार्ग अनुवादातून निघतो. आंतरराष्ट्रीय बुकरची रक्कम तर लेखक आणि अनुवादक यांत निम्मी-निम्मी वाटली जाते. २०२२ साली ती हिंदीच्या गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल यांनी घेतली, २०२५ साली कन्नडच्या बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती यांनी. मराठीत लेखक आहेत; त्यांचे पुस्तक वर्ष-दोन वर्षे हाताशी धरून इंग्रजीत नेणारे अनुवादक आणि त्यांना पोसणारे प्रकाशक यांचीच वानवा आहे.