पडून असलेल्या पैशांनी होम लोन हलकं!

लग्नात सेकंड कॅमेरा धरणारा, रील्स एडिट करून देणारी, लोगो डिझाइन करणारा, शेजारच्या मुलांच्या ट्यूशन्स घेणारी... आपल्या प्रत्येकाच्या ग्रुपमध्ये असे दोन-चार जण असतातच. 'नोकरी नकोच, स्वतःचंच काहीतरी करायचं' हे त्यातल्या बऱ्याच जणांनी थर्ड इयरलाच ठरवलेलं असतं. मग कधीतरी घरात फ्लॅटचा विषय निघतो आणि कुणीतरी मोठं माणूस विचारतं, "अरे, पगार नाही, तर होम लोनचा हप्ता भरणार कसा?"

प्रश्न टोमण्यासारखा वाटला तरी खोटा नाही. पगारदाराचं गणित सोपं असतं. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता. फ्रीलान्सरचं तसं नाही. लग्नसराईत श्वास घ्यायला वेळ नाही आणि पावसाळ्यात फोनच वाजत नाही. क्लायंट 'या आठवड्यात टाकतो' म्हणत तीन महिने काढतो. बँकेचा ईएमआय मात्र कुणासाठी थांबत नाही.

पण याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे. स्वतःचं काम करणाऱ्याच्या खात्यात पैसे पडून राहतात. थोडे टॅक्ससाठी, थोडे जीएसटीचे, थोडे मंदीच्या महिन्यांसाठी, थोडे नव्या लेन्ससाठी बाजूला काढलेले. या पैशांवर सेव्हिंग खात्यात साधारण अडीच टक्के व्याज मिळतं आणि तोच माणूस होम लोनवर साडेआठ टक्क्यांच्या आसपास व्याज भरत असतो. पैसे त्याचेच, बँकही कदाचित तीच. मधला सहा टक्क्यांचा फरक मात्र बँकेचा!

हा फरक आपल्याकडे वळवायची सोय म्हणजे ऑफसेट मॉर्गेज.

हे नेमकं असतं काय?

समजा, तुमच्यावर ४० लाखांचं कर्ज आहे आणि खात्यात ४ लाख पडून आहेत. ऑफसेटमध्ये बँक ४० मधून ४ वजा करते आणि ३६ लाखांवरच व्याज लावते. तुमचे ४ लाख कुठेही जात नाहीत. उद्या गरज पडली की काढा. काढले की त्या दिवसापासून व्याज पुन्हा ४० लाखांवर. हिशोब रोजच्या शिलकीवर होतो, त्यामुळे दहा दिवस पैसे राहिले तर दहा दिवसांचा फायदा.

ही पद्धत ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात चांगलीच रुळलेली आहे. ब्रिटनमध्ये १९९७ साली 'व्हर्जिन वन' हे खातं आलं आणि कर्ज, बचत, चालू खातं सगळं एकाच जागी ठेवायची कल्पना लोकांपर्यंत पोहोचली. तिथे स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांना टॅक्स भरायच्या मोठ्या तारखा दोन, ३१ जानेवारी आणि ३१ जुलै. तोपर्यंत बाजूला काढलेला टॅक्सचा पैसा ऑफसेट खात्यात ठेवायचा आणि घराचं व्याज कमी करायचं, असा हा सरळ हिशोब.

आपल्याकडे 'ऑफसेट मॉर्गेज' असा शब्द बँकेत विचारलात तर काउंटरवरचा माणूस कदाचित गोंधळेल. 'होम लोन ओव्हरड्राफ्ट' म्हणा. स्टेट बँकेचं 'मॅक्सगेन', बँक ऑफ बडोदाचं 'होम लोन ॲडव्हांटेज', आयडीबीआयचं 'होम लोन इंटरेस्ट सेव्हर' ही याच कुटुंबातली नावं. कुठे कर्जाचं खातंच ओव्हरड्राफ्टसारखं चालतं, कुठे कर्जाला एक वेगळं खातं जोडलेलं असतं. तत्त्व एकच.

फ्रीलान्सरलाच जास्त फायदा का?

नोकरदाराचा टॅक्स पगारातूनच कापला जातो. स्वतःचं काम करणाऱ्याचा टीडीएस कापून उरलेला टॅक्स त्यालाच भरावा लागतो. ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा चार : १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. अंदाजित उत्पन्नाच्या सोप्या पद्धतीने रिटर्न भरणाऱ्यांना तर १५ मार्चपर्यंत एकदाच भरला तरी चालतो. म्हणजे मे महिन्यात कमावलेल्या पैशावरचा टॅक्स पुढच्या मार्चपर्यंत तुमच्याच खात्यात असू शकतो.

जीएसटीचंही तेच. सेवा देणाऱ्यांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली की नोंदणी करावी लागते. समजा, ५ तारखेला १ लाखाचं बिल केलं आणि त्यावरचे १८ टक्क्यांनी १८ हजार लगेच हातात आले. दर महिन्याला रिटर्न भरत असाल तर ते भरायचे पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. दीड महिना हे पैसे तुमच्याकडे पाहुणे म्हणून राहतात. पाहुणे आहेत, मालक नाहीत, हे विसरायचं नाही. पण राहतायत तोवर त्यांनी घराचं व्याज कमी केलं तर बिघडलं कुठे?

अर्थात, हे प्रोप्रायटर म्हणून काम करणाऱ्यांसाठी. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली असेल तर कंपनीचा पैसा हा कंपनीचा. तो उचलून स्वतःच्या होम लोनमध्ये ठेवता येत नाही.

आता आकडे काढू

ओव्हरड्राफ्टची सोय फुकट नसते. अशा कर्जाचा दर साध्या होम लोनपेक्षा बहुतेकदा थोडा जास्त असतो. किती, ते बँकेवर आहे. उदाहरणासाठी पाव टक्का धरू : साधं कर्ज साडेआठ टक्क्यांनी, ओव्हरड्राफ्ट पावणेनऊ टक्क्यांनी. कर्ज ४० लाख, मुदत २० वर्षं.

ओव्हरड्राफ्टचा हप्ता येतो साधारण ३५,३०० रुपये. आणि धक्का बसेल, पण पहिल्या महिन्यात त्यातले २९,२०० रुपये नुसतं व्याज असतं! मुद्दल फिटतं जेमतेम सहा हजारांनी. खात्यात ४ लाख ठेवले तर त्या महिन्याचं व्याज २६,२५० वर येतं. हप्ता तोच राहतो, पण त्यातली जास्त रक्कम कर्ज कमी करायला लागते.

वर्षभराचा हिशोब मात्र प्रामाणिकपणे करायला हवा. पाव टक्का जास्त दरामुळे पहिल्या वर्षी सुमारे १० हजार रुपये जादा जातात. शिवाय सेव्हिंग खात्यात मिळालं असतं ते अडीच टक्के व्याजही सोडावं लागतं. हे दोन्ही वजा केल्यावर चित्र असं दिसतं :

• वर्षभर सरासरी १ लाख पडून राहिले, तर सुमारे ३,७५० रुपये तोटा.
• सरासरी ४ लाख राहिले, तर सुमारे १५ हजार फायदा.
• सरासरी ८ लाख राहिले, तर सुमारे ४० हजार फायदा.

या उदाहरणात बरोबरीची रेषा १ लाख ६० हजारांवर येते, म्हणजे कर्जाच्या ४ टक्के. वर्षभर सरासरी तेवढेही पैसे खात्यात टिकत नसतील तर साधं होम लोनच बरं. बँकेने अर्धा टक्का जास्त लावला तर हीच रेषा ३ लाखांच्या पुढे सरकते.

'मग एफडी का नको?' असं कुणीही विचारेल. एफडीचं व्याज हे उत्पन्न असतं, त्यावर टॅक्स लागतो. वाचलेलं व्याज उत्पन्नात धरलं जात नाही, त्यामुळे ते पूर्ण तुमचं.

मग सरळ कर्जच का फेडू नये?

रास्त प्रश्न. फ्लोटिंग दराच्या होम लोनवर मुदतीआधी पैसे भरले तर बँकांना दंड लावता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे. मग ४ लाख भरून टाकले तर व्याज तसंही वाचेल की!

वाचेल. पण भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. मार्च २०२० आठवा. लॉकडाऊन लागला आणि लग्नं, इव्हेंट, शूटिंग सगळं एका झटक्यात थांबलं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, तरी व्याज चढतच होतं. किराणा, लाइट बिल, औषधं यांना तर मुभाही नव्हती. ज्याला पीएफ नाही, पगारी रजा नाही, त्याच्यासाठी हातात असलेले चार लाख आणि कर्जात भरून टाकलेले चार लाख यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ऑफसेटची खरी किंमत इथे कळते. व्याजही वाचतं आणि पैसेही हाताशी राहतात.

आणि धोकाही इथेच आहे. पैसे हाताशी असले की हात शिवशिवतात. मोबाइलवर 'उपलब्ध रक्कम ४ लाख' असं रोज दिसत असेल तर नवा आयफोन, गोव्याची ट्रिप, मित्राला उसने असे रस्ते आपोआप सुचतात. तेवढी शिस्त नसेल तर ही स्कीम म्हणजे जास्त दराचं साधं कर्जच.

टॅक्सबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवा. खात्यात ठेवलेले पैसे म्हणजे मुद्दलाची परतफेड नव्हे, त्यामुळे त्यावर वजावट मागता येत नाही. स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. 'व्याज कमी झालं तर टॅक्स बेनिफिट जाईल' असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, तीस रुपयांचा टॅक्स वाचवायला शंभर रुपये व्याज का भरायचं?

बँकेत जाण्याआधी हे विचारा

• साध्या होम लोनपेक्षा दर नेमका किती जास्त?
• व्याज रोजच्या शिलकीवर मोजता का?
• पैसे काढायला मर्यादा किंवा चार्जेस आहेत का?
• दर महिन्याला काढता येणारी मर्यादा किती कमी होत जाते?
• पुढे साध्या कर्जात बदलायचं झालं तर खर्च किती?

घर घ्यायला आपल्याला अजून वेळ आहे, हे खरं. पण दोन गोष्टी आत्ताच करता येतात. एक, फ्रीलान्सचे पैसे यायला लागले असतील तर रिटर्न भरायला लागा. पगाराची स्लिप नसलेल्याला कर्ज देताना बँक आधी मागच्या दोन-तीन वर्षांचे रिटर्नच मागते. दोन, आई-बाबांचं दुकान, क्लिनिक किंवा वर्कशॉप असेल आणि घराचा हप्ता चालू असेल, तर आज रात्री जेवताना एवढंच विचारा : "बाबा, आपल्या खात्यात वर्षभर सरासरी किती पैसे पडून असतात?" उत्तर कर्जाच्या ४ टक्क्यांपेक्षा बरंच जास्त आलं, तर बँकेत एक चक्कर मारायला हरकत नाही.