ख्रिस्ती माणसाची खूण कोणती?



धर्मामुळे माणसाची राहणी वेगळी होते, ही गोष्ट आपल्या कारंज्यात कोणासही नवी नाही. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस या चार वेशींच्या आत निरनिराळ्या श्रद्धांची माणसे पिढ्यानपिढ्या शेजारी शेजारी नांदत आली आहेत. जैन शेजाऱ्याच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात. रमजान महिन्यात मुसलमान बांधव दिवसभर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. श्रीनृसिंहसरस्वतींचे हे जन्मस्थान असल्यामुळे दूरदूरचे दत्तभक्त गुरुमंदिरात दर्शनास येतात व आपापले नेम निष्ठेने पाळतात. अशा गावात एखाद्या मुलाने विचारले की, "ख्रिस्ती माणसाची खूण कोणती?" तर त्यास आपण काय उत्तर द्यावे?

पुष्कळ लोक उत्तर देतात की, त्याचे नाव निराळे असते, तो रविवारी देवळात जातो आणि नाताळात दारावर तारा लावतो. हे खोटे नव्हे. परंतु ही वरवरची ओळख झाली. नाव आणि तारा यांनी जर काम भागत असते, तर प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात आपल्या शिष्यांस मिठाची उपमा दिली नसती. मीठ भाजीहून अगदी वेगळे असते. पण ते बरणीत राहिले तर कोणाच्याही उपयोगी पडत नाही. उलट, त्याचा खारटपणाच गेला तर भाजीत घालूनही उपयोग नाही. ख्रिस्ती मनुष्याच्या हातून होणाऱ्या दोन चुका या एकाच उपमेत आल्या आहेत. एक, लोकांपासून दूर जाऊन बसणे. दुसरी, लोकांसारखेच होऊन जाणे.

ख्रिस्ती मंडळी बाल्यावस्थेत असताना हाच प्रश्न उभा राहिला होता. दुसऱ्या शतकात दिओग्नेत नावाच्या गृहस्थास लिहिलेले एक पत्र आज उपलब्ध आहे. त्याच्या लेखकाचे नाव मात्र अज्ञात आहे. त्या लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की, ख्रिस्ती लोकांचा देश, भाषा किंवा पोशाख निराळा नसतो. ज्या गावात ते राहतात तेथलीच रीतभात ते पाळतात. इतरांप्रमाणे त्यांचीही लग्ने होतात व त्यांनाही मुले होतात. परंतु ते आपली मुले टाकून देत नाहीत. रोमी साम्राज्यात नको असलेले मूल, विशेषतः मुलगी, उघड्यावर टाकून देण्याची चाल होती. त्या काळी शेजाऱ्यासारखेच कपडे घालून त्या एका चालीला "नाही" म्हणणे, हीच ख्रिस्ती माणसाची खूण होती.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती होणे म्हणजे साहेब होणे, अशी त्या काळी पुष्कळांची समजूत होती. टिळकांनी ती आपल्या आचरणाने खोटी ठरविली. अभंग, भजन व कीर्तन यांतूनच त्यांनी ख्रिस्ताची ओळख करून दिली. देशाभिमान तर त्यांच्या कवितेत ओतप्रोत भरलेला आहे. भाषा सोडावयाची नाही, संतांनी दिलेला वारसा सोडावयाचा नाही; सोडावयाचा तो उच्चनीचभाव, हे त्यांनी जाणले होते.

तो उच्चनीचभाव सोडणे किती अवघड असते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात प्रांजळपणे सांगितले आहे. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे व आपली चूल वेगळी ठेविली. आणि टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. हळूहळू लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचारानेच जातिभेदाची गाठ सुटली आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या घरी पूर्वी दोन चुली होत्या, त्याच घरी पुढे पोरक्या मुलांस आश्रय मिळाला. बालकवी ठोमरे यांस तर धर्म न बदलताही तेथे मुलासारखे प्रेम लाभले. वेगळी चूल मोडली, हीच त्या घराची खरी खूण होय.

पंडिता रमाबाई यांचे उदाहरणही असेच बोधप्रद आहे. 1883 साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी साडी सोडली नाही की शाकाहार सोडला नाही. परंतु विधवेचे तोंड पाहणे अशुभ मानणाऱ्या समाजात त्यांनी 1889 साली मुंबईस शारदासदन काढून विधवांस अक्षरे शिकविली. 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतात जाऊन त्यांनी सुमारे 300 मुली व स्त्रिया वाचवून आणल्या. त्यांतूनच केडगावचे मुक्तिसदन वाढले. ज्यांना कोणी विचारीत नव्हते अशा मुली तेथे वाचन, शिवण, विणकाम व छपाई शिकल्या. रमाबाईंनी केलेले बायबलाचे सोपे मराठी भाषांतर 1924 साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाले.

इतके दूरही जावयास नको. आपल्या वाशिमासच 1938 साली नाझरीन मिशनचे रेनॉल्ड्स मेमोरियल इस्पितळ सुरू झाले. डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी पडक्या शाळेच्या इमारतीत रोग्यांची सेवा आरंभिली व पुढे तेथेच परिचारिकांस शिक्षण दिले. त्या काळी परिचारिकेचे काम हलके समजले जाई. परक्याच्या अंगास हात लावावयाचा, त्याची घाण काढावयाची आणि त्याची जात विचारावयाची नाही, हे भल्याभल्या घरांस रुचत नसे. गावोगावच्या ख्रिस्ती मुलींनी हे काम पत्करले. आज सर्व धर्मांच्या मुली अभिमानाने या शिक्षणाकडे वळतात, ही आनंदाची गोष्ट आहे. भाजीला चव आली म्हणजे मिठाने आपले नाव मागे ठेवावे असे थोडेच असते!

येथपर्यंत पूर्वजांची कीर्ती सांगितली. परंतु केवळ कीर्तीवर पोट भरत नाही. आपल्या घरात डोकावले तर मान खाली घालावी लागते. बाप्तिस्मा होऊन तीन तीन पिढ्या लोटल्या, तरी सोयरीक ठरविताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. 1961 च्या कायद्याने हुंडा बंद झाला, तरी "आम्हांस काही नको, तुम्ही आपल्या मुलीस काय द्याल ते द्या" असे गोड बोलून तो घेतला जातो. आणि त्याच लग्नात देवळात प्रीतीवर उपदेशही होतो. मुलीच्या बापाने त्यासाठी शेत गहाण टाकिले असेल, तर त्या उपदेशाचा त्याच्या कानास काय अर्थ राहिला? पालकहो, हा प्रश्न दुसऱ्या कोणाचा नसून आपला आहे. मुले आपला उपदेश विसरतात. आपला व्यवहार मात्र विसरत नाहीत.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या वाट्यासही हे वेगळेपण रोज येते. परीक्षेत सगळे एकमेकांचे पाहून लिहीत असता आपली कोरी राहिलेली जागा कोरीच ठेवणे, वर्गात ज्या मुलाची जात काढून हसतात त्याच्याच शेजारी डबा उघडून बसणे, दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे परत करणे, या गोष्टी दिसण्यात लहान आहेत. पण त्यांची किंमत द्यावी लागते. गुण कमी मिळतात, मित्र दुरावतात, लोक भोळा म्हणतात. किंमत न देता मिळणारे वेगळेपण फुकाचे समजावे.

येथे कोणी म्हणेल, "असे वागणारे लोक सर्व धर्मांत आहेत." अगदी खरे! आणि ते पाहून ख्रिस्ती मनुष्यास आनंदच व्हावा. वेगळे राहावयाचे ते शेजाऱ्यापासून नव्हे, तर अन्याय, असत्य आणि गर्व यांपासून. "आम्ही इतरांहून चांगले" असा अभिमान ज्या क्षणी मनात शिरला, त्याच क्षणी मिठाचा खारटपणा गेला असे समजावे; कारण ज्या प्रभूचे नाव आपण घेतो त्याने शिष्यांचे पाय धुतले होते.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधीत बसू नये. त्याने आपल्या घरी चार दिवस राहून पाहावे, आपली पंगत, आपला हिशेब व आपल्या घरचे लग्न पाहावे, आणि न विचारताच त्यास उत्तर मिळावे, असे आपले वागणे असो. हे सामर्थ्य देवाने आपणां सर्वांस द्यावे, हीच प्रार्थना.