पेंडीची खळ आणि चिपाडाचे धागे

लाकडाला लाकूड चिकटविण्याची विद्या आपल्या सुतारांना फार पूर्वीपासून अवगत आहे. कातडी व हाडे उकळून केलेला सरस ते गरम करून वापरीत. पुढे प्लायवुड व भुशाचे बोर्ड आले आणि त्यांच्याबरोबर युरिया-फॉर्मल्डिहाइडची राळ आली. ती स्वस्त व लवकर घट्ट होणारी खरी. परंतु तयार बोर्डातूनही फॉर्मल्डिहाइड वायू थोडा थोडा बाहेर पडत राहतो. नव्या कपाटाचे दार उघडताच डोळे चुरचुरतात, ते पुष्कळदा यामुळेच. कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली हा वायू माणसात कर्करोग निर्माण करणारा ठरविला. बंद कारखान्यात दिवसभर राबणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने हा प्रश्न लहान नाही.

मग दुसरा डिंक कोणता? उत्तर आपल्या वडगावच्या शिवारातच आहे, असे मला वाटते. सोयाबीनचे तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत जवळजवळ निम्मी प्रथिने असतात. प्रथिनाचा रेणू सुताच्या गुंडीसारखा गुंडाळलेला असतो. अल्कलीने ती गुंडी उलगडली की तो लाकडाला जागोजागी धरून बसतो. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात असा सोयाडिंक प्लायवुडसाठी वापरात होता. पण त्याचे दोन दोष : वाळल्यावर तो ठिसूळ होतो आणि पाणी लागताच सुटतो. म्हणूनच खनिज तेलापासून केलेल्या राळांनी त्याला मागे टाकले.

ठिसूळपणावर नॅनोसेल्युलोज हा उपाय आहे. सेल्युलोज म्हणजे वनस्पतीचा सांगाडा; कापसात, लाकडात, उसाच्या चिपाडात तो असतोच. त्याचे तंतू विंचरीत गेल्यास ५ ते २० नॅनोमीटर जाडीचे धागे मिळतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! भिंतीच्या चिखलात आपण भुसकट मळतो, ते तडा जाऊ नये म्हणून. हे धागे डिंकात तेच काम करतात : भेग पुढे सरकू लागली की तिला आडवे येतात आणि ताण वाटून घेतात. मात्र प्रमाण थोडेच हवे. जास्त झाल्यास डिंक घट्ट होतो, धाग्यांच्या गाठी बनतात व तो नीट पसरत नाही. शिवाय सेल्युलोजला स्वतःलाच पाण्याची ओढ; म्हणून ओल सोसण्यासाठी प्रथिनांना एकमेकांशी जखडणारे द्रव्य वेगळे घालावे लागते. अमेरिकेतील प्रा. कायचांग ली यांनी खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांवरून स्फूर्ती घेऊन असा सोयाडिंक सिद्ध केला आणि २००५ च्या सुमारास त्याचे प्लायवुड बाजारात आले.

मुंबईत माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत २०१५ साली नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. म्हणजे ही विद्या आपल्यापासून दूर राहिलेली नाही. अडचण आहे ती खर्चाची : धागे विंचरण्यास वीज फार लागते. शिवाय पेंड हे गुराकोंबड्यांचे खाद्य आणि चिपाड हे साखर कारखान्याच्या बॉयलरचे जळण. तेव्हा डिंकासाठी दोन्ही फुकट मिळणार नाहीत.

तरीही वाटते, सोयाबीनचा भाव पडला की हताश होणाऱ्या शेतकऱ्याला आणखी एक गिऱ्हाईक मिळावे आणि बोर्ड कापणाऱ्या सुताराला स्वच्छ हवा मिळावी, या दोन्ही गोष्टी एकाच डिंकाने जोडता येण्यासारख्या आहेत.