नऊ एक आणि एक डोंगर

या दिवाळीत दार्सैतच्या घराघरांत मुलांच्या हातात फोन असणारच. फराळाच्या ताटाशेजारी त्यांना कागद-पेन्सिलही द्या. ओळीने नऊ एक लिहायला सांगा, १११११११११, आणि त्याला त्यानेच गुणायला लावा.

एक्सेलला विचाराल तर तो १२३४५६७८९८७६५४३०० सांगेल. त्याला पंधराच अंक सांभाळता येतात, पुढे शून्यं भरतो. खरं उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. कागदावर नऊ ओळी एकेक घर सरकवून मांडल्या की कारण दिसतं: कडेच्या रकान्यात एकच एक, मधल्यात नऊ. हातचा कुठेच नाही.

अशा संख्यांना ‘डेमलो’ हे रेल्वे स्थानकाचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. डहाणूला १९०५ साली जन्मलेले हे गृहस्थ १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नव्हती, म्हणून अनेकांनी त्यांचं काम पोरखेळ मानलं. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. उशीरच झाला म्हणायचा.

अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ म्हणणारेही तेच. आपल्या डोंगराच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागलं की १२३४५६७९ चा वर्ग उरतो. त्यात आठ कुठे गेला, ते मुलांना शोधू द्या!

मग दहा एक द्या. मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा येतो आणि शिखर कोसळतं: १२३४५६७९००९८७६५४३२१.