बाळ पायाचा अंगठा तोंडात घालतंय? घालू द्या, ते स्वतःला ओळखतंय!

पाच-सहा महिन्यांचं बाळ उताणं पडलं की दोन्ही हातांनी पाय धरतं आणि अंगठा थेट तोंडात! "अगं, काढ तो पाय," असं घरातलं मोठं माणूस लगेच म्हणतं. पण ही वाईट सवय नाही. बाळ स्वतःचं शरीर ओळखायला शिकत असतं.

खुळखुळा धरला तर स्पर्श फक्त हाताला कळतो. स्वतःचा पाय धरला तर हातालाही कळतो आणि पायालाही. असं शेकडो वेळा झालं की पाय आपला आहे आणि खुळखुळा वेगळा, हे बाळाला उमगत जातं.

कोणत्या वयात काय?

जन्मल्यावर तळहातात बोट दिलं की मूठ आपोआप आवळते. २ ते ३ महिन्यांत बाळ स्वतःच्या हाताकडे टक लावून बघतं. ४ महिन्यांच्या आसपास हात तोंडाकडे नेतं. ६ महिन्यांपर्यंत हवी ती वस्तू हात लांबवून पकडतं. वस्तू किती लांब आहे आणि आपला हात कुठवर पोचतो, याचा अंदाज त्याला इथूनच येतो.

घरी काय करावं?

बाळ जागं असताना हातमोजे काढा, दुपट्यात हात घट्ट बांधू नका. सारखं झोळीत न ठेवता सतरंजीवर मोकळं सोडा. थोडा वेळ पालथं घाला, मात्र जवळ बसून. हाताला येईल इतक्या अंतरावर स्वच्छ वाटी किंवा मोठा खुळखुळा ठेवा. मालिश करताना "हा हात, हा पाय" असं बोलत राहा. बटण, शेंगदाणे, नाणी मात्र लांब ठेवा, घशात अडकतात. मोबाईलचा व्हिडिओ बघून बाळ गप्प बसतं, पण त्यात त्याच्या हाताला काही शिकायला मिळत नाही.

कधी दाखवावं?

४ महिन्यांनंतरही मुठी सारख्या आवळलेल्या असतील, ६ महिने होऊनही बाळ वस्तूकडे हात नेत नसेल, किंवा वर्षाच्या आत एकच हात वापरून दुसरा तसाच ठेवत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर तेही सांगा.

आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला विचारलं तरी पुढचा रस्ता कळतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते. "होईल हळूहळू" म्हणत महिने घालवू नका. उपचार जितका लवकर सुरू होईल, तितका फायदा जास्त.