साडेआठ इंचांनी हुकलेली गाडी

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एकावर एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. तिथं एका डॉक्टरांची फिक्कट निळी, दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड दुरुस्तीला यायची. मिस्त्री दोन्ही बाजूंचे खटके सोडायचे आणि मडगार्ड, दिवे, जाळी असं गाडीचं सगळं तोंडच पुढं उलटायचं. मग ते पुढच्या चाकावर बसून निवांत प्लग काढायचे. शाळा सुटली की मी ते बघत उभा. "सरक लेकरा, उजेड अडवू नको," एवढंच ते म्हणायचे.

पुढं नांदेडला मामांकडं गेलो असताना वजिराबादेत रद्दीच्या दुकानात एका इंग्रजी मासिकाचं सुटं पान सापडलं. त्यावर लाल ट्रायम्फ स्पिटफायर होती. उघडी, दोघांपुरती, जमिनीला चिकटून उभी. तिचं बॉनेटही तसंच पुढं उलटलेलं होतं. ही आमच्या हेरल्डची कुणीतरी लागते, हे मला तेव्हाच कळलं.

ती लागतेच. दोन्हींचा आकार इटलीच्या जोव्हान्नी मिकेलॉत्तींनी काढला. हेरल्ड १९५९ ची, स्पिटफायर १९६२ ची. आमची हेरल्ड मूळची ट्रायम्फचीच. तिच्या वेळी या कंपनीला अखंड बॉडी बनवून देणारा कारखाना प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला होता. म्हणून वेगळी चासी घेऊन तिच्यावर सुटे भाग बोल्टांनी आवळायचं ठरलं. ही अडचण पथ्यावर पडली, कारण अशी गाडी कापून-जोडून दुसरी करणं सोपं. स्पिटफायर तशीच घडली. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर हेरल्डमध्ये साडेएक्याण्णव इंच होतं, स्पिटफायरमध्ये त्र्याऐंशी. मागची बैठक गेली, छप्पर गेलं. जॅकवर उचलली की हेरल्डची मागची चाकं गुडघ्यात वाकल्यासारखी आत वळायची. ती खोडही धाकटीत तशीच उतरली. वेगात वळण घेताना ती जिवावर बेतू शकायची.

म्हणजे माझ्या त्या पानावरची गाडी आणि गंजगोलाईतली गाडी यांच्यात अंतर होतं साडेआठ इंचांचं. हेरल्ड १९६१ पासून मद्रासला बनत होती. मग स्पिटफायर का नाही? त्या काळी कुठली गाडी काढायची आणि किती काढायच्या, यालाही सरकारी परवाना लागे. परकीय चलन तुटपुंजं, आयात सामान्यांना बंद, साध्या फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचा. अशा देशात दोघांच्या गाडीसाठी कोण परवाना मागणार? उलट हेरल्डलाच १९६८ मध्ये चार दारं आली. गिऱ्हाइकाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझे वडीलही ते पान बघून म्हणाले होते, "ह्यात तुझी आजी कुठं बसंल, अन् ज्वारीचं पोतं कुठं ठेवायचं?"

आमची मातीही आड आली असती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि वरचा रस्ता तिच्याबरोबर वर-खाली होतो. स्पिटफायरचं पोट जमिनीपासून जेमतेम पाच इंच. लातूरहून नांदेडला जाताना अहमदपूर ओलांडेपर्यंत तिचा सायलेन्सर रस्त्यात राहिला असता.

नव्वदीच्या दशकाअखेर गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी गाडी बनू लागली. फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. आपल्या बाजूला कुणी अशी गाडी बनवतंय, याचं मला फार अप्रूप वाटलं. ती फार थोड्यांकडं पोचली.

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा वेगळा क्रमांक मिळतो. तिनं रोज फिरायचं नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतं रस्त्यावर यायचं. विलायतेहून स्पिटफायर आणायची तर जकातच डोळे पांढरे करते. पण हेरल्डही आता पन्नाशीपार गेली आहे, आणि मनातलं खरं सांगायचं तर मला आता तीच हवी आहे.

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या दोन-तीन मिस्त्रींना सांगून ठेवलंय. कुणाच्या गोठ्यात, वाड्यात दोन दारांची हेरल्ड दिसली तर आधी खाली वाकून चासी सडलीय का बघा. रंग उडालेला चालेल, इंजिन जाम असलं तरी चालेल. बॉनेटचे दोन्ही खटके मात्र जागेवर हवेत.