संसार मोडतो तेव्हा पेढीचे काय?

पतिपत्नींचा वाद न्यायालयाच्या पायरीपर्यंत गेला म्हणजे मुलांचा ताबा, पोटगी आणि स्त्रीधन या तीन गोष्टींची चर्चा होते. चौथी गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. ती म्हणजे दोघांच्या कष्टांतून उभा राहिलेला धंदा. खानावळ, छापखाना, औषधांचे दुकान किंवा चार यंत्रमागांची शेड चालविताना पती गिऱ्हाइके सांभाळतो आणि पत्नी गल्ला, हिशेब व कामगार पाहते, हे दृश्य महाराष्ट्रात गावोगाव आढळते. संसार दुभंगला तरी यंत्रमागाचे दोन तुकडे करता येत नाहीत. मग सारा धंदा एकाच्या पदरात आणि दुसऱ्याच्या हाती केवळ वर्षानुवर्षांच्या राबण्याची आठवण, असा शेवट होतो.

कायद्याची मदत येथे तोकडी पडते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे २७ वे कलम विवाहप्रसंगी किंवा त्या सुमारास भेट मिळालेल्या आणि दोघांच्या संयुक्त मालकीच्या वस्तूंपुरतेच आहे. २५ व्या कलमान्वये कायम पोटगी ठरविताना न्यायालय उभयतांचे उत्पन्न व मालमत्ता पाहते. परंतु त्यामुळे पत्नी धंद्याची वाटेकरी ठरत नाही. मालकी ज्याच्या नावावर, धंदा त्याचा, हाच सर्वसाधारण नियम. पत्नीला स्थावर मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे दुरुस्ती विधेयक राज्यसभेने २०१३ साली संमत केले. पण लोकसभेचा कार्यकाल संपताच ते व्यपगत झाले.

शेजारच्या गोव्यात मात्र चित्र निराळे आहे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कुटुंबव्यवस्थेनुसार विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि घटस्फोटाच्या वेळी तिचे दोन समान वाटे होतात. ज्याला स्वतंत्र मालमत्ता हवी, त्याने ते विवाहाआधीच लेखी ठरवावयाचे असते. या व्यवस्थेतही भांडणे होतातच. पण नियम कोणता, हे बोहल्यावर चढण्यापूर्वीच दोघांना ठाऊक असते. महाराष्ट्रातील व्यावसायिक दांपत्यांना नेमके हेच ठाऊक नसते.

त्यांच्यासाठी धंद्याचे स्वरूप निर्णायक ठरते. एकमालकी धंद्याला मालकाहून वेगळे कायदेशीर अस्तित्वच नसते. भागीदारीत, १९३२ च्या कायद्यान्वये, अन्य करार नसल्यास नफा समसमान वाटला जातो, कोणालाही कामाचा पगार मिळत नाही, आणि मुदत न ठरलेली भागीदारी एका भागीदाराच्या लेखी नोटिशीने विसर्जित होऊ शकते. म्हणजे रागाच्या भरात धाडलेले एक पत्र चालती पेढी बंद पाडू शकते. खासगी कंपनीत पत्नीला संचालकपदावरून दूर करता येते. पण तिचे भाग तिच्याच नावे राहतात, आणि एकदशांश भाग हाती असल्यास अन्यायाविरुद्ध कंपनी न्यायाधिकरणाकडे जाण्याचा तिचा हक्क अबाधित असतो. बँकेच्या कर्जाला दिलेली वैयक्तिक हमी तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने मुळीच संपत नाही. धंदा एकाकडे आणि कर्जाचा ससेमिरा दुसऱ्याच्या मागे, असा विपरीत प्रकार त्यातून घडतो.

अशा वेळी धंदा वाचविण्याच्या नावाखाली काही जण विक्री कमी दाखवितात, माल भावाच्या गोदामात हलवितात, वह्या दडवितात. नैतिकतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला तरी हा मार्ग आत्मघातकीच आहे. कागदोपत्री उलाढाल घटली की बँक खेळत्या भांडवलाची मर्यादा घटविते. पुरवठादार उधारी आखडतात. आणि पत्नीच्या वाट्यापासून वाचविलेला धंदा पतीच्याही हातात टिकत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या दाव्यात उभय पक्षांना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले आहे. जे लपवावे तेच अंगलट यावे, अशी आता स्थिती आहे.

धंद्याचे खरे संरक्षण भांडणापूर्वीच्या लेखी व्यवहारात असते. पत्नी काम करीत असेल तर तिच्या नावे पगार किंवा भाग दाखविला जावा. भागीदारीच्या करारात बाहेर पडणाऱ्याच्या वाट्याचे मूल्य कसे ठरवावयाचे, तो विकत घेण्याचा पहिला हक्क कोणाचा आणि रक्कम किती हप्त्यांत द्यावयाची, हे नमूद असावे. घरखर्च आणि गल्ला यांच्या वह्या वेगळ्या असाव्यात. वाद उद्‌भवलाच, तर तडजोडीचा प्रयत्न करणे हे कुटुंब न्यायालयाचे, १९८४ च्या कायद्याने ठरविलेले, कर्तव्यच आहे. आणि परस्परसंमतीच्या घटस्फोटात या साऱ्या अटी समजुतीने लिहिता येतात. त्यांत बँकेच्या हमीतून मुक्ततेची अटही विसरू नये. मात्र तिला बँकेची संमती आवश्यक असते.

लग्न जुळविताना याद्या करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मानपान, देणेघेणे सारे त्यात बारकाईने लिहिले जाते. दोघांनी मिळून पेढी उघडताना मात्र एक ओळही लिहावी असे कोणाला वाटत नाही. लिहिणे म्हणजे अविश्वास, असा समज असतो. वस्तुतः त्या कागदावर केवळ पतिपत्नींचेच नव्हे, तर पेढीत काम करणाऱ्या दहा कामगारांच्या चुलींचेही भवितव्य अवलंबून असते. धंदा पत्नीपासून वाचवावयाचा नसतो, तसा पतीपासूनही नाही. तो दोघांच्या वैरापासून वाचवावयाचा असतो.